केस नंबर अकराचा हॉर्न

भोपाळमध्ये मानसिक आघातावर काम करते असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच आवाज खाली आणतो. ‘म्हणजे गॅसचं का?’ नाही म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. पुण्यातल्या एका परिषदेत जेवणाच्या रांगेत एका बाईंनी विचारलं, ‘तुम्ही स्वतः त्या रात्री तिथे होतात?’ मी म्हटलं, आम्ही सोनागिरीला राहायचो, वडील दुसऱ्याच एका कारखान्यात होते, वारा आमच्या बाजूला आला नाही. बाईंनी भात वाढून घेतला आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागल्या.

माझा विषय इंजिन चालवणारी माणसं. नोकरीतली अर्धीअधिक वर्षं मी त्यांच्यावर घालवली आणि त्या कामातून मला काय मिळालं ते पुढे येईलच.

गाडीखाली माणूस येतो तेव्हा लोकांना मेलेल्याबद्दल हळहळ वाटते, मागच्या डब्यांतल्यांना गाडी लेट झाल्याचा राग येतो. पुढे काचेमागे बसलेल्याचा विचार कोणी करत नाही. त्याला सगळं दिसत असतं. ब्रेक लावला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही, हेही त्याला माहीत असतं. म्हणजे समोरचा माणूस मरणार हे तो आधी समजतो आणि मग ते घडताना बघतो. नंतर खाली उतरतो, पाहणी करतो, गार्डशी बोलतो, पुढच्या स्टेशनला कळवतो आणि तीच गाडी पुढे घेऊन जातो. त्यांच्या बोलीत त्याला ‘कट गया’ म्हणतात. कोण कटलं हे बहुतेक वेळा त्याला कळतही नाही.

हे मला एका हळदीकुंकवात कळलं. अरेरा कॉलनीत आमच्या मराठी बायकांचं दर संक्रांतीला असतं. रेल्वे कॉलनीतून आलेल्या एक बाई वाण घेऊन लगेच निघायला लागल्या. यजमानीण म्हणाली, ‘अहो, बसा की, आत्ता तर आलात.’

‘नाही हो. हे आज मागच्या दाराने आलेत.’

‘म्हणजे?’ मी विचारलं.

‘म्हणजे कोणीतरी कटलं. पुढच्या दाराने येत नाहीत मग. मागे उभे राहून हाक मारतात, मी पाणी तापवून बादली बाहेर ठेवते. आंघोळ करून घरात. मग चहा.’

‘मयताहून आल्यासारखं?’

‘मयतच की ताई. फक्त ओळखीचं नसतं.’

हे त्यांनी पदर खोचता खोचता, दूध नासल्याचं सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, सगळ्याच ड्रायव्हरांच्या घरी असं करतात का? त्या म्हणाल्या, ‘आमच्या ओळीत तरी करतात. बायका एकमेकींना विचारत नाहीत. मागे बादली दिसली की समजतं.’

घरी येईपर्यंत माझा विषय ठरला होता.

माझे सर, म्हणजे ज्यांच्याकडे मी पीएच.डी. केली तेच पुढे विभागप्रमुख झाले. ग्वाल्हेरचं मराठी घराणं, बोलणं गोड, हाताखालच्या माणसाला चहा पाजल्याशिवाय काम न सांगणारे. माझ्या प्रत्येक बढतीवर त्यांची सही आहे आणि प्रत्येक पेपरवर त्यांचं नाव माझ्या आधी आहे. आमच्या क्षेत्रात याला कोणी अन्याय म्हणत नाही, पद्धत म्हणतात. मीही म्हणत नव्हते.

विषय त्यांना आवडला. रीतसर परवानगी काढली, रीतसर प्रश्नावली नेली. गेल्या महिन्यात तुम्हाला नको त्या आठवणी आल्या का? झोप मोडते का? छातीत धडधडतं का? ड्रायव्हरांनी रांगेत बसून एकाखाली एक खुणा केल्या. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. मी घरी आकडे मांडले तेव्हा असं दिसलं की भोपाळमध्ये सगळ्यात निरोगी मनाचे लोक इंजिनात बसतात.

सर खूश झाले. ‘अगं, हे तर लोखंडाचे लोक आहेत! छापून टाक.’

मी छापलं नाही. कारण एका जुन्या ड्रायव्हरने मला जाताना हसत सांगितलं होतं, ‘मैडम, साइको वालों को हम क्या जवाब देते हैं, ये तो हमको भरती के टाइम से पता है.’ जलद गाड्या चालवायच्या तर त्यांना एक मानसिक चाचणी द्यावी लागते. तिला ते साइको म्हणतात. तिच्यात नापास झालेला माणूस इंजिनावरून उतरतो. मीही साइकोवाली. मी दारात दिसले की त्यांची उत्तरं ठरलेली.

म्हणून कागद बंद केला. घरी जायला लागले. माणूस विश्रांती घेऊन उठला की, बायको स्वयंपाकघरात असताना, पुढच्या खोलीत बसायचं. हवापाण्याचं बोलायचं. काही महिने असेच गेले. मग एकेक जण बोलायला लागला. रेकॉर्डर लावू का विचारायचे, नको म्हटलं तर नाही लावायचे. प्रत्येकाला मी एकच वचन दिलं होतं, तुम्ही बोललात हे रेल्वेत कोणाला कळणार नाही.

‘कळलं तर काय होईल?’ मी पहिल्यांदा विचारलं होतं.

‘उतरवतील.’

उतरवतील म्हणजे नोकरी जात नाही. लॉबीत बसवतात. लॉबी म्हणजे ड्रायव्हर कामावर येताना जिथे हजेरी देतात आणि दारू प्यायली नाही ना हे दाखवायला यंत्रात फुंकर मारतात ती खोली. उतरवलेला माणूस तिथे टेबलामागे बसतो आणि कालपर्यंत ज्यांच्याबरोबर गाड्या नेल्या त्यांची फुंकर तपासतो. रोज.

केस नंबर अकरा म्हणजे त्या हळदीकुंकवातल्या बाईंचे यजमान. भुसावळकडचे, बदली होऊन भोपाळला आलेले आणि इथलेच झालेले. भरदार माणूस. पहिल्या दिवशी मी बसायच्या आतच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही साइकोवाल्या ना? मग आधीच लिहून घ्या, मला फक्त बायकोची भीती वाटते.’

आतून आवाज आला, ‘खोटं आहे. माझीही वाटत नाही.’

‘बघा. हे पण लिहा.’

बोलायला लागले ते कितव्या तरी भेटीत. बुधनीच्या घाटात एक वळण आहे. तिथे एक बाई रुळांच्या मधोमध उभी होती. त्यांनी हॉर्न दिला, ब्रेक लावला. ती हलली नाही. तिने गाडीकडे बघितलं आणि पदर नीट केला.

‘घरी पाहुणा आल्यावर करतात ना, तसा,’ ते म्हणाले. ‘दुसरं काही केलं असतं तर मी विसरलो असतो.’

त्यानंतर त्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून ते हॉर्नवर हात ठेवतात आणि वळण सरेपर्यंत उचलत नाहीत. आणि उभे राहतात. बसून ते वळण त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. सोबतचे असिस्टंट आधी हसायचे, मग त्यांना सवय झाली.

‘हे मात्र कुठे लिहू नका, मॅडम.’

‘नाव नसतंच कोणाचं.’

‘नावाचं नाही म्हणत. हॉर्नचं म्हणतोय. आमच्यात हात ओळखतात. कोण कसा हॉर्न देतो ते. तबल्यावरचा हात ओळखतात की नाही, तसं. यार्डात झोपलेला माणूस सांगेल कोण चाललाय. आणि माझा तर काय, बुधनीचा चहावाला पण ओळखतो.’

मी म्हटलं, नाही लिहिणार. लिहिलं नाही.

इथे एक सांगून ठेवते, कारण पुढे हेच मला सगळ्यांनी विचारलं. हा माणूस गाडी चालवायला लायक होता का? माझं मत होतं आणि आहे, होता. त्याने कधी सिग्नल चुकवला नाही. त्या वळणावर तो जास्त जागा असायचा, कमी नाही. एक आठवण होती आणि ती पार करायची त्याची एक रीत होती. आपण सगळेच काही ना काही असं करतो. माझी आई वडील गेल्यावर कित्येक वर्षं कारखाना सुटल्याचा भोंगा झाला की गॅस बारीक करायची. तिला कोणी आजारी म्हटलं नाही.

अहवाल लिहिला. अकरा नंबरमधून वळण, हॉर्न, उभं राहणं सगळं काढलं. उरलं ते फार काही नव्हतं, पण तेवढंच देता येण्यासारखं होतं. प्रकल्प कागदोपत्री सरांच्या नावावर होता, त्यामुळे सगळी मुलाखत-सामग्री माझ्याखेरीज विभागाच्या कपाटात आणि सरांच्या कॉम्प्युटरवरही असायची. तसा नियमच आहे. सरांनी अहवाल वाचला आणि मग, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, मूळ मुलाखती ऐकल्या.

मला बोलावलं. चहा मागवला.

‘हे काय, अकरा नंबरमधलं सगळं निकालून टाकलंस? अगं, हाच तर प्राण आहे सगळ्याचा.’

‘सर, त्यावरून तो ओळखला जाईल.’

‘नाव आहे का? नाही. वय बदल. गाव बदल. महाराष्ट्राचा आहे, आंध्रचा कर. झालं.’

‘ते हॉर्नवरून ओळखतात एकमेकांना.’

सर हसले. ‘मी जन्मापासून रेल्वे लाइनीजवळ राहिलोय. हॉर्न हॉर्न असतो गं.’

मी पुन्हा सांगितलं. त्याने स्वतः सांगितलंय, लिहू नका म्हणून, हेही सांगितलं. सर म्हणाले, ‘ठीक आहे, पेपरमध्ये बघू कसं करायचं ते. तुझा इंटरव्ह्यू जवळ आलाय, त्यात लक्ष घाल. आता कुठे हॉर्न घेऊन बसतेस.’

इंटरव्ह्यू प्रोफेसरपदाचा होता. सर समितीत असणार होते. यात धमकी नव्हती. सरांना धमकी द्यायची कधी गरज पडली नाही.

आमच्या धंद्यातले लोक माणूस कशात असतो याबद्दल फार खात्रीने बोलतात. आम्हाला शिकवलेलं आहे की माणूस त्याच्या नावात, वयात, गावात आणि हुद्द्यात असतो. ते चार बदलले की तो लपला. कोण कसा खोकतो, कोण कुठे थुंकतो, कोण जिना कसा चढतो, हे आमच्या लेखी लक्षण. त्यातून आम्हाला आजार दिसतो. त्याच्या जातभाईंना त्यातून तो दिसतो. सरांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच वाटत होतं की आपण सगळी काळजी घेतली. आंध्र केलं होतं त्यांनी.

विभागात परिसंवाद ठरला. त्या दिवशी सकाळी समजलं की सरांनी रेल्वेच्या काही अधिकाऱ्यांनाही बोलावलंय. पुढचा प्रकल्प त्यांच्याबरोबर करायचा त्यांचा विचार होता. मी त्यांना हॉलच्या बाहेर गाठलं.

‘सर, अकरा नंबर आज दाखवू नका. पुढच्या रांगेत रेल्वेवाले आहेत.’

‘म्हणून तर दाखवायचाय,’ सर म्हणाले आणि कोट नीट करून आत गेले.

पडद्यावर ‘केस नंबर अकरा’ आलं. सर चांगले वक्ते आहेत. वळण सांगितलं, बाई सांगितली, पदर सांगितला. मग ते म्हणाले की तेव्हापासून हा माणूस त्या ठिकाणी असा हॉर्न देतो, आणि त्यांनी तोंडाने तो लांब हॉर्न वाजवून दाखवला. विद्यार्थी हसले. पुढच्या रांगेत एक इन्स्पेक्टर होते, ड्रायव्हरांबरोबर इंजिनातून फिरून त्यांचं काम बघणारे. ते शेजाऱ्याकडे झुकून मोठ्याने म्हणाले, ‘अरे, ये तो अपने बुधनी वाले साहब हैं!’ आणि दोघेही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, घरातल्या कोणाच्या खोडीचा विषय निघाल्यासारखं ते हसले. पलीकडे बसलेले अधिकारी हसले नाहीत. त्यांनी हात वर केला.

‘सर, ये आदमी अभी गाड़ी चला रहा है?’

सरांना प्रश्न आला याचा आनंद झाला. ‘जी, बिल्कुल चला रहा है. यही तो हमारी स्टडी का महत्त्व है.’

त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही. मागे डबे भरून माणसं बसलेली असतात. एकदा कानावर आल्यावर त्याने गप्प कसं राहायचं? त्याने त्याचं काम केलं. त्या हॉलमध्ये ज्यांचं काम गप्प बसण्याचं होतं ते व्यासपीठावर होते.

दोन-चार दिवसांत बाईंचा फोन आला. ‘ताई, ह्यांना डॉक्टरीला बोलावलंय. मधेच कसं काय? त्यांची तर तपासणी आत्ताच झाली होती. गाडीवर जाऊ नका म्हणालेत तोवर.’

मी म्हटलं, येते.

गेले. दोघं समोर बसले. मी आडून न सांगता सरळ सांगितलं की माझ्या सरांनी परिसंवादात हॉर्नचं सांगितलं आणि तिथे ओळखलं गेलं.

‘सर म्हणजे तुमचे सर?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘त्यांना कसं कळलं?’

‘मुलाखती विभागात असतात. त्यांना ऐकायचा अधिकार आहे.’

‘हे तुम्ही नव्हतं सांगितलं.’ हे बाई म्हणाल्या.

‘सांगितलं होतं वहिनी. की माझ्या विभागातले लोक ऐकू शकतात. रेल्वेत जाणार नाही असं सांगितलं होतं.’

‘मग गेलं कसं?’

‘त्यांनी नेलं.’

बाई उठल्या आणि आत गेल्या. भांडी लावल्याचे आवाज यायला लागले. ते म्हणाले, ‘आता डॉक्टरांना काय सांगू, मॅडम? भीती बायकोची वाटते की गाडीची?’ या वेळी आतून कोणी काही बोललं नाही.

थोड्या वेळाने बाईच बाहेर आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, ‘रडून काही होत नाही. काय करता येईल ते बोला.’ ही बाई मला पहिल्यापासून आवडत होती. मी म्हटलं, हा माणूस इंजिनावर बसायला लायक आहे असं मी लेखी मत देईन. पण सरांनी दिलं तर त्याला वजन जास्त.

‘मग त्यांच्याकडून घ्या.’

गेले. चहा आला. सरांना मनापासून वाईट वाटलं होतं, निदान तसं ते म्हणाले. ‘बेचारा,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘पण मी कसं लिहू? गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हटलं की याला आघाताचा विकार आहे. आज म्हणू की नाही? पेपर पाठवलाय मी.’

‘पेपर पाठवला?’

‘तुझं पण नाव आहे त्यात.’

‘सर, त्याला विकार नाही. तुम्ही एकदाही त्याला भेटला नाहीत.’

‘अगं, तू प्रोफेसर होणार आहेस. ड्रायव्हरची वकील नाही होणार.’

माझं मत मी एकटीने लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. तपासणी करणारे डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. पेपरची एक प्रत रेल्वेमार्फत त्यांच्याकडे आधीच पोहोचली होती. त्यांनी ते पूर्ण वाचलं, चष्मा काढला. ‘मैडम, आपके सर कहते हैं बीमारी है. आप कहती हैं नहीं है. और पेपर पर नाम दोनों का है. मैं किसकी मानूँ?’

त्यांचं बरोबर होतं. मी पेपरवरून माझं नाव काढायला लगेच कळवलं. पण नाव काढलं तरी ते आधी होतं हे त्यांना आता माहीत झालं होतं. ते म्हणाले, शंका असताना मी माणसाला इंजिनावर बसवू शकत नाही, तुम्ही माझ्या जागी असतात तर बसवलं असतं का? मी म्हटलं, या माणसाला बसवलं असतं. ते म्हणाले, ‘आप उसको जानती हैं. मैं तो सिर्फ़ पेपर को जानता हूँ.’

इंटरव्ह्यू त्याच सुमारास झाला. लांब टेबल, काजू, बिस्किटं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सरांकडून घेऊन पेपर वाचलेला होता. अगदी उत्सुकतेने म्हणाले, ते हॉर्नचं फारच विलक्षण आहे, त्याबद्दल आणखी सांगा. सर माझ्याकडे बघून मान हलवत होते, सांग सांग म्हणून.

मी म्हटलं, ‘ती केस दाखवायलाच नको होती. त्या माणसाने लिहू नका म्हणून सांगितलं होतं. त्याला आजार नव्हता, एक सवय होती. त्या सवयीला आजार आम्ही म्हटलं आणि त्याचं काम गेलं.’

सरांनी ग्लासात पाणी ओतलं. तज्ज्ञांनी पुढचा प्रश्न अभ्यासक्रमाचा विचारला.

पद दुसऱ्याला मिळालं. माझ्या कामात वस्तुनिष्ठता कमी आहे आणि अभ्यासविषय असलेल्या माणसांशी अंतर राखलं जात नाही, असं समितीचं म्हणणं होतं. घरी नवऱ्याने विचारलं, ‘एक दिवस गप्प बसायला काय झालं होतं?’ मी म्हटलं, काही झालं नव्हतं, बसता आलं असतं. त्याने पुढे विचारलं नाही. बँकेत आयुष्य गेलेला माणूस आहे, बुडीत खातं त्याला ओळखता येतं.

नीतिसमितीकडे तक्रार केली. तिचे अध्यक्ष सरांच्या बरोबर फिरायला जाणारे. निर्णय आला की कोठेही नाव उघड झालेलं नाही, वय व प्रांत बदललेले आहेत, सबब गोपनीयतेचा भंग झालेला नाही. पुढील काळात अधिक दक्षता घ्यावी. कोणी घ्यावी ते लिहिलेलं नव्हतं.

पेपर छापून आला, माझ्या नावाशिवाय. चांगला चालला आहे म्हणतात. लांबच्या कुठल्या कुठल्या विद्यापीठांतली मुलंमुली मला अजून मेल करतात, हॉर्नच्या लक्षणाबद्दल मार्गदर्शन हवं म्हणून. मी सरांचा पत्ता देते.

रेल्वे कॉलनीतले दरवाजे बंद झाले. भांडण कोणी केलं नाही. मी गेले की बायका दारात येऊन म्हणायच्या, ‘साहब सो रहे हैं.’ दुपारी, संध्याकाळी, सुटीच्या दिवशी, साहब सो रहे हैं. ज्या माणसांना झोप येत नाही म्हणून मी इतकी वर्षं लिहिलं ती सगळी एकदम झोपायला लागली. मी जाणं बंद केलं. हल्ली परीक्षेच्या ताणावर काम करते. विद्यार्थी काहीही विचारा, सांगतात, आणि त्यांचं कोणी काही काढून घेत नाही.

अकरा नंबर मला भेटायला आले ते गेल्या हिवाळ्यात. विभागात, दुपारचे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. बाहेर बसलेल्या मुलींना वाटलं कोणाचे तरी वडील आलेत फीचं विचारायला. मी आत बोलावलं. वहिनी कशा आहेत विचारलं.

‘बरी आहे. आता मागचं दार बंदच असतं. तिथे तिने तुळशीची कुंडी ठेवलीय.’

‘आणि तुमचं?’

‘लॉबी. पोरांची फुंकर तपासतो.’ ते थोडं हसले. ‘नवीन पोरं विचारतात, सर, पहला कटेगा तो नींद नहीं आएगी क्या? मी सांगतो, नाही येणार. मग विचारतात, तो किसको बोलना? मी सांगतो, घरवाली को. लग्न झालं नसेल तर कर. पण दुसऱ्या कोणाला नाही.’

‘बरोबर सांगता.’

‘तुमचं वाईट वाटून घेऊ नका.’

‘वाईट कशाला वाटेल. खरं आहे.’

चहा आला. त्यांनी तो बशीत न ओतता कपानेच, हळूहळू प्यायला. मग म्हणाले, ‘मॅडम, एका कामासाठी आलो होतो. ते माझं बोलणं आहे ना तुमच्याकडे, रेकॉर्ड केलेलं. ते पुसता येईल का? इतकी वर्षं झाली. कुठेतरी ते आहे असं डोक्यात राहतं.’

नियमाप्रमाणे ते अजून काही वर्षं ठेवायला हवं होतं. मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला, फाइल दाखवली आणि त्यांच्यासमोर पुसली. मग कचऱ्याच्या डब्यातूनही पुसली. ते खुर्चीत पुढे सरकून बघत होते.

‘झालं?’

‘झालं.’

‘आता कोणाला ऐकू येणार नाही.’

‘सरांकडे आहे,’ मी म्हटलं. ‘विभागाच्या कपाटातही एक आहे. तिला हात लावायचा अधिकार मला नाही.’

त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘मग ही कशाला पुसली?’ ते म्हणाले. ‘तुमच्याकडची तरी राहू द्यायची. सरांनी कुठेही काहीही सांगितलं असतं तरी एका ठिकाणी मी काय बोललो ते पूर्ण होतं.’

‘तुम्हीच म्हणालात पुसा.’

‘हो,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं एकच असते.’